डंकेल, कांदा आणि एका रात्रीत बदलणारे नियम

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकातला अमेरिकेच्या टॅरिफवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण मध्येच एका वाक्यात लेखकांनी असं म्हणून टाकलंय की डंकेल प्रस्तावापासून, म्हणजे १९९१ च्या जागतिक व्यापार नियमांच्या मसुद्यापासून, आपल्या शेतकऱ्याची मान जिनिव्हावाल्यांच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, हातात गेली. बस, एवढं म्हणून पुढे गेले. त्या एका वाक्यावर मला बरंच बोलायचंय म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, जागा कमी असेल तर कुठूनही कापा पण कांद्याचा भाग तेवढा राहू द्या.

नव्वदीच्या सुरुवातीला जे कळत्या वयाचे होते त्यांना डंकेल हे नाव समजावून सांगायला लागत नाही. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागणार, औषधं महागणार, परदेशी गहू येऊन इथला शेतकरी झोपणार, असं सगळं त्या एका नावात कोंबलेलं होतं. डावे विरोधात, समाजवादी विरोधात, स्वदेशीवाले विरोधात, तिकडे कर्नाटकात तर नंजुंडस्वामींच्या रयत संघाची माणसं डिसेंबर १९९२ मध्ये बंगळुरूला बियाणं विकणाऱ्या अमेरिकन कारगिल कंपनीच्या ऑफिसात घुसली आणि कागदपत्रं बाहेर काढून जाळली. महाराष्ट्रात उलटं बोलणारा मोठा माणूस जवळजवळ एकच, शरद जोशी. पण हा डंकेल कोण, काय काम करायचा, व्यापाराबद्दल त्याचं म्हणणं काय होतं, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता आणि अजूनही नाही असं दिसतंय.

आर्थर डंकेल हे स्विस सरकारी अधिकारी. जन्म १९३२ चा, तोही पोर्तुगालमध्ये लिस्बनला. लोझानला अर्थशास्त्र-वाणिज्याचं शिक्षण केलं आणि १९५६ ला बर्नमध्ये स्विस सरकारच्या परराष्ट्र व्यापार खात्यात लागले. साठच्या दशकात विकसनशील देशांशी सहकार्याचा विभाग त्यांच्याकडे होता, नंतर जागतिक व्यापार धोरणाचा आला, १९७३ पासून जिनिव्हाला गॅटमध्ये, म्हणजे जागतिक व्यापाराच्या करारात, स्वित्झर्लंडचे प्रतिनिधी, टोकियो राउंड या सत्तरच्या दशकातल्या वाटाघाटीत देशाच्या बाजूने बसले, आणि १ ऑक्टोबर १९८० ला गॅटचे महासंचालक झाले ते ३० जून १९९३ पर्यंत. निवडणूक नाही, पक्ष नाही, कारखाना नाही, आयुष्यभर फाईल आणि मीटिंग. योगायोग बघा, आपले शरद जोशी पण टपाल खात्यातली नोकरी सोडून १९६८ ते ७७ बर्नलाच होते, जागतिक टपाल संघटनेत. म्हणजे ज्या प्रस्तावावरून इथे एवढं रान पेटलं तो लिहिणारा अधिकारी आणि त्याची बाजू घेणारा शेतकरी नेता काही वर्षं एकाच गावात नोकरी करत होते. दोघांची भेट झाली वगैरे माझं म्हणणं नाही, पण दोघांनीही एक छोटा देश मोठ्या देशांच्या गर्दीत कसा टिकतो ते तिथे रोज बघितलेलं होतं, आणि मला वाटतं दोघांच्या विचाराची मुळं तिथे आहेत.

कारण स्वित्झर्लंड म्हणजे काय, तर जमीन थोडी, समुद्र नाही, आजूबाजूला जर्मनी-फ्रान्स-इटली. असल्या देशाला बळजबरी करून कोणाचा बाजार उघडून घेता येत नाही, त्याला लेखी नियमच लागतात. डंकेल यांच्या सगळ्या कारकिर्दीत हीच एक गोष्ट परत परत दिसते. व्यापारात दोन देश समोरासमोर बसले की मोठा जिंकतो, शंभर देश एका टेबलावर बसून नियम लिहिले तर छोट्याला निदान त्या नियमाकडे बोट तरी दाखवता येतं. हे त्यांचं मत होतं आणि ते ज्या काळात मांडत होते तो काळ आठवला की ते किती अवघड होतं ते कळतं.

गॅट ही काही कायद्याने बनलेली संघटना नव्हतीच. १९४७ ला २३ देशांनी केलेला एक करार, त्यात भारत पहिल्या दिवसापासून, आणि तो सांभाळायला जिनिव्हाच्या तळ्याकाठी एक सचिवालय. महासंचालकाच्या हातात काहीच नाही. एखाद्या देशाविरुद्ध निकाल लागला तरी तो मंजूर व्हायला सगळ्यांची सहमती लागायची, म्हणजे हरलेला देशच म्हणायचा की मला मान्य नाही आणि विषय संपला. शेतमाल तर नियमाच्या बाहेरच होता म्हटलं तरी चालेल. युरोपात सरकारी गोदामात लोणी आणि दूध पावडरीचे डोंगर, ते सबसिडी देऊन जगात ओतायचे आणि गरीब देशातल्या शेतकऱ्याचा भाव पाडायचा. अमेरिका पण तेच करायची. दुसरीकडे जपानने मोटारी 'स्वतःहून' कमी पाठवाव्यात म्हणून गळ्यावर पाय देऊन करार व्हायचे. आणि १९८९ ला अमेरिकेने सुपर ३०१ या कायद्याखाली जपान, ब्राझील आणि भारत या तिघांवर बोट ठेवलं, तुमचा बाजार उघडा नाहीतर बघून घेऊ. त्यांच्या व्यापार प्रतिनिधी कार्ला हिल्स उघड म्हणायच्या की जमलं तर हस्तांदोलनाने, नाही जमलं तर पहारीने बाजार उघडू. हे ३५ वर्षांपूर्वीचं आहे बरं का, आत्ताचं नाही.

१९८२ ची मंत्र्यांची बैठक फसली. तेव्हा डंकेल यांनी जे केलं ते मला फार आवडतं, म्हणजे भाषणं देत बसले नाहीत, १९८३ मध्ये सात जाणकार गोळा केले आणि सांगितलं की व्यापाराचं हे काय चाललंय ते सरळ लिहून द्या. त्या सातात आपले आय. जी. पटेल होते, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. १९८५ ला तो अहवाल आला, त्यात साफ लिहिलं की व्यापार धोरण उघड्यावर करा, लोकांना कळू द्या कुठल्या संरक्षणाची किंमत कोण मोजतंय, आणि शेतीला वेगळी सूट बंद करून तिलाही नियमात आणा. पुढच्या वर्षी सप्टेंबर १९८६ मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथे वाटाघाटी सुरू झाल्या. भारत आणि ब्राझील तिथे सेवा आणि पेटंट हे विषय घ्यायलाच तयार नव्हते आणि त्यात चूक काही नव्हतं. डिसेंबर १९८८ ला माँट्रियलला गाडी शेतीवर अडली, डिसेंबर १९९० ला ब्रुसेल्सला परत शेतीवरच फिसकटली. सगळ्यांनी धरून चाललं की मेलं हे.

मग २० डिसेंबर १९९१. जिथे देशांचं एकमत झालेलं ते तसंच, जिथे नाही झालं तिथे डंकेल आणि वाटाघाटी गटांच्या अध्यक्षांनी स्वतः मधला रस्ता लिहिला आणि चारशेच्या वर पानांचा एक मसुदा टेबलावर ठेवला, घ्यायचा तर सगळा घ्या. हाच तो डंकेल प्रस्ताव. शेतीपुरतं सांगायचं तर आयातीवरची सगळी बंधनं टॅरिफमध्ये बदला आणि टॅरिफ सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करा, देशातली भाव बिघडवणारी मदत २० टक्क्यांनी कमी करा, निर्यात सबसिडीचा पैसा ३६ टक्क्यांनी आणि सबसिडी देऊन पाठवलेला माल २४ टक्क्यांनी कमी करा, विकसनशील देशांना यात सवलत आणि जास्त मुदत. सगळ्यात जास्त आरडाओरडा कोणी केला असेल? फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी. म्हणजे आपल्याकडे मोर्चे निघत होते की हा प्रस्ताव गोऱ्यांच्या फायद्याचा आणि तिकडे गोरे शेतकरी रस्त्यावर ट्रॅक्टर घेऊन उतरलेले की आमची सबसिडी काढतायत! नोव्हेंबर १९९२ ला अमेरिका आणि युरोपने वॉशिंग्टनला ब्लेअर हाऊसमध्ये आपसात बसून त्या २४ चे २१ करून घेतले, आणि एकमेकांच्या सबसिड्यांना कोर्टात खेचायचं नाही अशी सोयही करून घेतली. अधिकाऱ्याने लिहिलेल्या मसुद्याला मोठ्या देशांनी कुठे कुरतडलं ते इथे दिसतं.

शरद जोशी जे म्हणत होते ते साधं होतं. भारतातल्या शेतकऱ्याला सबसिडी मिळतच नाही, उणे सबसिडी मिळते, म्हणजे झोनबंदी (माल भागाबाहेर नेऊ न देणं), लेव्ही (कमी भावात सक्तीची खरेदी), निर्यातबंदी करून सरकार त्याचा भाव जगाच्या भावाच्या खाली ठेवतं, मग सबसिडी कमी करा म्हणणाऱ्या कागदाला त्याने घाबरायचं कशाला? तेव्हा लोकांनी हसण्यावारी नेलं. पण नंतर भारत सरकारनेच १९८६ ते ८८ या पायाभूत काळाचा जो हिशोब जिनिव्हाला दिला त्यात पिकांना भावातून दिलेली मदत एकूण उणेच निघाली. हे आजही फार लोकांना माहीत नाही.

आणि त्या भीतीचं पुढे काय झालं तेही बघा. शेवटी १५ एप्रिल १९९४ ला मराकेशला सह्या झाल्या, भारताकडून प्रणव मुखर्जींनी केली, आणि १ जानेवारी १९९५ ला डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, सुरू झाली. बियाण्याबाबत करारात फक्त एवढंच होतं की पेटंट द्या नाहीतर स्वतःची एखादी परिणामकारक पद्धत करा. आपण स्वतःचा कायदा केला २००१ ला, त्यात शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचासुद्धा हक्क कलमात लिहून दिलाय, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. औषधांच्या पेटंटबाबत २००५ च्या दुरुस्तीत ३(ड) कलम घातलं, की जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही, आणि त्याच्याच जोरावर सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला कॅन्सरच्या औषधावरचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. आणि परदेशी धान्याचा पूर? करारात आपण कमाल मर्यादा लिहून घेतल्या कच्च्या शेतमालाला बहुतेक १०० टक्के, प्रक्रिया केलेल्याला १५० आणि सोयाबीन तेलासारखे अपवाद सोडले तर खाद्यतेलाला ३०० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तेवढा आयात कर लावायची मोकळीक आजही आपल्या खिशात आहे.

मग गेल्या काही वर्षात सोयाबीन आणि कापसाचे भाव का पडले? खाद्यतेलावरचा आयात कर दिल्लीने स्वतःहून खाली आणला म्हणून. कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीने स्वतःहून काढलं आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेलं, विदर्भ-मराठवाड्यातला कापूस घरात यायच्या अगदी तोंडावर. भावाला बाकीची कारणं पण असतात, जगात मंदी असते, मान्य आहे, पण हे दोन्ही निर्णय घ्यायला जिनिव्हाने सांगितलं नव्हतं. कोणी डंकेल आला नव्हता.

आता मी डंकेल यांची आरती ओवाळतोय असं कोणाला वाटायला नको म्हणून त्या मसुद्यातली खोट पण लिहितो. सगळ्यात मोठी म्हणजे मदतीचा हिशोब १९८६-८८ च्या जागतिक भावाशी करायचा ही पद्धत. तेव्हाचा भाव कायमचा गोठवला आणि आजचा हमीभाव त्याच्याशी ताडून बघायचा, महागाईचा विचारच नाही, मग भारताने गरिबांच्या रेशनसाठी तांदूळ घेतला तरी कागदावर उत्पादनाच्या किमतीच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. ते निभवायला २०१३ ला बालीमध्ये तात्पुरती सूट घ्यावी लागली आणि कायमचा तोडगा अजून नाही. दुसरी खोट म्हणजे श्रीमंत देशांना हिरव्या खान्यात, म्हणजे भाव बिघडत नाहीत असं म्हणून, हवी तेवढी मदत सरकवायची वाट राहिली. डंकेल निवृत्त झाल्यावर नेस्ले कंपनीच्या संचालक मंडळावर गेले, त्याच्यावरही टीका झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती, ज्या माणसाने अन्नधान्य व्यापाराचे नियम लिहिले त्याने जगातल्या सगळ्यात मोठ्या खाद्य कंपनीत जाऊन बसू नये असं मलाही वाटतं. २००५ ला ते गेले.

पण तिसरी खोट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. तो सगळा मसुदा लिहिला गेला जगात धान्य जास्त झालेलं होतं तेव्हा. त्यामुळे आयात कशी रोखायची नाही, सबसिडी कशी द्यायची नाही यावर बरीच कलमं, आणि निर्यात अचानक बंद करण्यावर जवळजवळ काहीच नाही. गॅटच्या ११ व्या कलमात निर्यातबंदीला मनाई आहे पण अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती चालते, आणि शेती कराराच्या १२ व्या कलमात म्हटलंय की बंदी घालण्याआधी तुमच्यावर अवलंबून असलेल्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा, डब्ल्यूटीओच्या शेती समितीला आधी लेखी कळवा, आयातदार देशाने विचारलं तर चर्चा करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण तो देश त्याच मालाचा निव्वळ निर्यातदार असेल, म्हणजे आयातीपेक्षा निर्यात जास्त करत असेल, तर सूट नाही. कांद्याच्या बाबतीत भारत काय आहे हे निफाडच्या शाळेतलं पोरगं पण सांगेल.

आता कांदा. मी एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघत आलोय त्यामुळे हे जवळून माहीत आहे. कोलंबो किंवा दुबईच्या पार्टीशी रेट ठरतो, लासलगावला पिंपळगावला लिलावात माल घेतला जातो, खळ्यावर बायका निवड करतात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, डबल पत्तीचा वेगळा, साईजप्रमाणे जाळीच्या गोण्यात भरला जातो, फायटोचं (मालात कीड-रोग नसल्याचं) सर्टिफिकेट, शिपिंग बिल, कंटेनर, आणि मग न्हावा शेवाकडे गाडी निघते. यातल्या प्रत्येक पायरीला कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात आणि हे सगळं परदेशातल्या एका दुकानदाराच्या भरवशावर चालतं की नाशिकवाले शब्द दिलाय तर माल पाठवतील. आणि मग संध्याकाळी किंवा रात्री वेबसाईटवर एक नोटिफिकेशन येतं. जो माल कस्टमकडे सोपवला गेलाय किंवा जहाजावर चढायला लागलाय तो जातो, जो रस्त्यात आहे तो राहिला. उन्हाळ कांदा असेल तर चाळीत चार महिने ठेवता येतो, पण डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही, त्याला पाणी सुटतं, त्यामुळे तो मिळेल त्या भावाला विकावाच लागतो आणि लिलावात बोली लावणाऱ्यालाही हे माहीत असतं.

तारखा लिहितो म्हणजे हे एकदाच झालं असं कोणी म्हणायला नको. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी. १४ सप्टेंबर २०२० ला परत बंदी, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे याच्या खाली बाहेर विकायचं नाही. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंदी, म्हणे ३१ मार्चपर्यंत, लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवे अडवला, आणि ३१ मार्च यायच्या आधीच बंदी पुढे ढकलली. मध्येच गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनांची परवानगी आली त्यावर इथे काय भावना झाली ते आपल्याच पेपरात छापून आलंय. मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, सप्टेंबरात शुल्क २० टक्के झालं, आणि १ एप्रिल २०२५ ला सगळं निघालं. म्हणजे साधारण वीस महिन्यांत सहा-सात वेळा नियम फिरले, एकदाही आधी महिनाभर सांगून नाही.

नुकसान फक्त त्या हंगामाचं नसतं. ढाक्याचा, कोलंबोचा, मलेशियातल्या क्लांग बंदराचा व्यापारी कायमचा दुसरीकडे बघायला लागतो, पाकिस्तान आहे, चीन आहे, इजिप्त आहे. बांगलादेशने स्वतःचं कांद्याचं उत्पादन वाढवायला घेतलं. आपल्या संत्र्यावर त्यांनी वर्षागणिक आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरूड-मोर्शीचा शेतकरी रडकुंडीला आला, त्या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण आपण शेजाऱ्याला रात्रीत कांदा बंद करायचा आणि त्याने मात्र आपल्या संत्र्याशी नियमाने वागावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? शहरातल्या माणसाला ८० रुपयाने कांदा घ्यायला लागला की त्रास होतो हे खरंच आहे, त्याच्यासाठी सरकारने स्टॉक करावा, नाफेड-एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून योग्य भावात खरेदी करून योग्य वेळी सोडावा, नाहीतर शुल्क लावायचं तर आधी सांगून लावावं. पण बंदी ही कर वसूल करण्यासारखीच आहे, फक्त तो कर एकाच माणसाकडून घेतला जातो आणि त्याची पावती नसते.

म्हणून मला त्या लेखातलं वाक्य खटकलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ आणि मग रशियाच्या तेलाचं कारण सांगून आणखी २५ टक्के लावले, तेव्हा आपण सगळेच म्हणालो की हा अन्याय आहे, असं रात्रीत कसं करतात, ऑर्डरी घेतल्यात, माल तयार आहे, कोळंबीवाले, कपडेवाले, हिरेवाले काय करतील. नंतर त्यात काय काय बदल झाले ते बाजूला ठेवा, तो संताप अगदी बरोबर होता. डंकेल हेच तर सांगत होते की टॅरिफची मर्यादा एकदा लिहून दिली की ती मोडता येऊ नये, आणि मोडली तर दाद मागायला जागा पाहिजे. गॅटमध्ये हरलेला देश निकाल अडवू शकायचा ते डब्ल्यूटीओत बंद झालं आणि वर अपील कोर्ट आलं, सात सदस्यांचं. त्याचा आपल्याला फायदा झालाय. आपल्या सुती बेडशीटवर युरोपने अँटी डंपिंग शुल्क (माल स्वस्तात ओतता असा आरोप करून लावतात ते) लावलं होतं, त्यात हिशोबाची लबाडी होती, आणि २००१ मध्ये भारत अपिलात जिंकला. एकट्या भारताने ब्रुसेल्सला जाऊन नुसतं भांडून ते झालं असतं का?

ते अपील कोर्ट ११ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे कारण अमेरिका नवीन सदस्य नेमूच देत नाही, सुनावणीला निदान तीन लागतात. शेवटच्या दिवसांपर्यंत तिथे बसलेल्यात आपले उज्जल सिंग भाटिया होते, ओडिशा केडरचे आयएएस, आधी जिनिव्हाला भारताचे राजदूत, नंतर त्या अपील कोर्टाचे अध्यक्षही झाले. अशा माणसाचं नाव महाराष्ट्रात शंभरात एकाला माहीत नसेल याचं मला वाईट वाटतं, क्रिकेटच्या अंपायरची नावं पाठ असतात.

आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला पाहिजे, महाराष्ट्राला टोचेल अशी. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने आपल्या ऊस आणि साखरेच्या मदतीविरुद्ध तक्रार केली होती, डिसेंबर २०२१ ला निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण अपील केलं. कुठे? त्याच बंद कोर्टात. म्हणजे तारीखच लागणार नाही, निकाल लागूच होणार नाही. कारखानदारीला तात्पुरता दिलासा मिळाला, आपला ऊसवाला वाचला म्हणून मलाही त्या दिवशी बरं वाटलं असेल, पण उद्या आपल्या बाजूने निकाल लागला की समोरचाही हेच करणार आणि करतायत. युरोप, चीन, ब्राझील, जपान अशा देशांनी मिळून तात्पुरती लवादाची सोय केलीय, आपण त्यात नाही. का नाही याचं उत्तर सरकारने लोकांना दिलं पाहिजे. आपण जिनिव्हात कायमचं अपील कोर्ट परत चालू करा म्हणतो ते योग्यच आहे, पण ते होईपर्यंत बिनाछपराचं उभं राहायचं यात मला शहाणपण दिसत नाही.

आपल्या वाणिज्य खात्यातले अधिकारी तिथे शेतकऱ्यासाठी जोरात भांडतात, रेशनच्या तांदळासाठी भांडले, मच्छीमारांच्या सबसिडीसाठी भांडले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावरून रात्री कांद्याचं नोटिफिकेशन निघतं आणि जिनिव्हातला आपला माणूस दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये नियमांवर बोलायला उभा राहतो तेव्हा त्याच्या बोलण्यात किती वजन राहत असेल?

तर नाशिक, दिंडोरी, शिर्डी, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातले जे खासदार कांद्यावर निवडून आलेत, सगळ्या पक्षांचे, त्यांनी लोकसभेत लेखी प्रश्न विचारावा. डिसेंबर २०२३ ची बंदी घालताना टंचाई किती टनांची होती आणि ती कोणी मोजली, शेती कराराच्या १२ व्या कलमाप्रमाणे बांगलादेश-श्रीलंकेच्या अन्नसुरक्षेचा विचार केला होता का, डब्ल्यूटीओला नोटीस कुठल्या तारखेला गेली, आणि पुढच्या वेळी निर्यातीवर काहीही लावायचं असेल तर निदान ३० दिवस आधी जाहीर करून ज्याचा करार आणि एलसी (बँकेची पैशाची हमी) झालेलं आहे त्याचा माल सोडणार असं सरकार कायद्यात लिहून द्यायला तयार आहे का. लाल कांद्याची आवक सुरू व्हायच्या आत हे उत्तर आलं तर त्याचा काही उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक